दोन चमचे व्हिनेगर

१ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

टक्, टक्, टक्. काचेवर चमच्याचे तीन ठोके.

पहाटे झोपेत ऐकले आणि जागा झालो. चाळीस वर्षं दर शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून हा आवाज यायचा. ही, म्हणजे माझी बायको, व्हिनेगरची बरणी उघडायच्या आधी तिच्या काठावर चमचा वाजवायची. का, ते मी कधी विचारलं नाही. बरणीला जागं करत असेल. उठून आत गेलो. कोणी नव्हतं. असणार कसं? हिला जाऊन चौदा महिने झाले.

असो. रोजनिशी सुरू करतो आहे. नवी वही, निळं पेन.

काल मुलीचा फोन आला. स्वतःहून. चौदा महिन्यांत तिसरा. एकोणतीस तारखेला, रविवारी सकाळी अकराला येते म्हणाली. हिच्या व्हिनेगरवर जी साय धरते (साय म्हणजे दुधाची नव्हे, जाड, बुळबुळीत, भाकरीएवढी चकती, बरणीत वर तरंगते), तिचा एक तुकडा हवा म्हणे. त्याच्यावर नवं व्हिनेगर लावता येतं. आईची तेवढी एकच वस्तू मागते आहे. मी म्हटलं, अख्खी बरणी घेऊन जा. म्हणाली, तुकडा पुरे. मग पुढे म्हणाली, "बाबा, तुम्ही काय सोडा नि काय धरा, मी सांगणार नाही. मी आले की एकच गोष्ट विचारीन. तिचं खरं उत्तर द्या. तेवढं जमलं तर मी येत जाईन."

अर्थ उघड आहे. तिला बाप सडपातळ आणि तंदुरुस्त हवा आहे.

तेव्हा संकल्प. दातांच्या डॉक्टरकडे बसलो असताना मासिकात वाचलेला उपास: सोळा तास काही नाही, आठ तासांत काय ते खायचं. जेवणाआधी पेलाभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर. चार आठवड्यांत सात किलो जातात. टॉनिक आजपासून बंद. (टॉनिक म्हणजे संध्याकाळी घेतो ते. आमच्या घरात त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. ही मारायची, पण ती रागात.)

वजन ८६.४. कपडे, चष्मा, घड्याळ आणि नुकताच प्यालेला चहा वजा जाता ८४.९.

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानादुकानांतून तराजू तपासून शिक्के मारले. वजनाच्या गोष्टी मला कोणी शिकवू नयेत.


२ मार्च, सोमवार

रात्री आठ ते दुपारी बारा तोंडाला कुलूप. सकाळचा कोरा चहा चालतो.

९.०० उत्साह. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१०.२० डोकं हलकं. तिसरीच्या पुस्तकातली दिव्याची कविता आठवली. तेल संपत आलं आहे आणि वात दिव्याची समजूत काढते आहे, अशी ती कविता. वर्गात आम्ही चाळीस मुलं एका सुरात म्हणायचो आणि गुरुजी खिडकीबाहेर बघत डोळे पुसायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना सर्दी आहे. शेवटचं कडवं आठवत नाही. मुलीला येतं, तिला मीच शिकवलं. तपासणीची पितळी वजनं काढून बसायचो दोघं. एक कडवं म्हटलं की एक वजन पारड्यात. शेवटच्या कडव्याला पारडं टेकायचं आणि ती टाळ्या वाजवायची. आली की विचारीन.

११.२० हॉलमधलं घड्याळ ११.२० दाखवतं, स्वयंपाकघरातलं ११.३८. बारा कोणाचे धरायचे? नोकरीत असताना शंका आली तर निकाल ग्राहकाच्या बाजूने द्यायचो. इथे ग्राहक मी आहे. स्वयंपाकघराच्या घड्याळाने बाराला जेवलो.

व्हिनेगर नुसतं कधी चाखलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. फार आंबट आहे.


४ मार्च, बुधवार

टॉनिक एकदम बंद करू नये. शरीर रुसतं. हळूहळू कमी करतो आहे. शिवाय मासिकात उपासाच्या वेळी काय चालत नाही त्याची यादी आहे, तिच्यात टॉनिक नाही. ज्याची मनाई नाही ते चालतं. कायद्याचं साधं तत्त्व.

दुकानात गेलो. दुकानदार बोलका माणूस, नको तितका. म्हणाला, "साहेब, बाईसाहेब होत्या तेव्हा एक बाटली तुम्हाला दहा दिवस जायची. आता चौथ्या दिवशी दर्शन." मी म्हटलं, मापात मारत असतील. घरी आलो, माळ्यावरून जुना मोजपेला काढला आणि बाटली मोजली. साडेसातशेला साडेसातशे. एक थेंब कमी नाही. कंपनी निर्दोष.

मात्र माल हल्ली कडक येतो, हे नक्की. पूर्वी दोन पेल्यांत जे व्हायचं ते आता एकात होतं. वय म्हणावं तर मला तसं काही जाणवत नाही.


८ मार्च, रविवार

वजन ८६.९.

काट्याचा दोष. बाथरूमची फरशी ओलसर असते, स्प्रिंग सुस्तावते. पितळी वजनं ठेवून तपासला, तर काटा बरोबर. पण पितळी वजनंही जुनी आहेत. कोणावर विश्वास ठेवायचा? काट्याच्या बाजूला एक बारीक चाक असतं, ते किंचित फिरवलं. आता ८५.८. कायद्यातही मुभा असते, शंभराला थोडं इकडे, थोडं तिकडे. मुभा नसती तर जगात एकही दुकान उघडं राहिलं नसतं.

मुलगी माझ्याशी का बोलत नाही, याचा आज शांतपणे विचार केला. त्या संध्याकाळी हिला बरं वाटेना. मुलीचा फोन चालू होता. तिने विचारलं, काही घेतलं आहे का? मी म्हटलं, व्हिनेगर घेतलंय, पोटासाठी. मग हिला गाडीत घालून निघालो. कोपऱ्यावर गाडीला किरकोळ खरचटलं. एवढ्यावरून माणसं चौदा महिने धरून बसतात.

संध्याकाळी कविता करायला बसलो.

रिकाम्या या घरामध्ये
घड्याळे दोन बोलती;
एक म्हणे जेवून घे रे,
दुसरे म्हणे, थांब की.

बरी आहे. 'बोलती'ला 'थांब की' चालेल का? गुरुजींनी चालवलं नसतं.


१० मार्च, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या. निवृत्त झाल्या तरी कोणाकडेही अशा बघतात की आता जीभ दाखवा म्हणतील. मी उपासाचं सांगितलं. कंबरपट्टा एक भोक आत गेला आहे, हेही सांगितलं. (भोक नवीन पाडलं आहे, पण आतल्या बाजूलाच.) म्हणाल्या, "साहेब, पोट आत गेलंय की पँट वर गेलीय?"

हसलो. खेळकर बाई आहेत.


१२ मार्च, गुरुवार. सकाळी १०

ऐतिहासिक दिवस.

काल संध्याकाळी काय झालं ते नीटसं आठवत नाही, पण सकाळी हॉलमध्ये, खुर्चीतच, बूट घातलेले अशी जाग आली. मांडीवर हिचा फोटो. काचेला तडा. फोटो आधीच कच्चा लटकलेला असणार.

उठलो आणि ठरवलं, बस. कालच आणलेली बाटली सिंकमध्ये ओतणार होतो. मग आठवलं, हिला काही वाया गेलेलं आवडायचं नाही. आणि हेही आठवलं की कधीतरी वाकून बघितलं तेव्हा ती बरणीत असंच काहीसं ओतत होती. व्हिनेगर त्याचंच तर होतं. मग काय, बरणीवरचं मलमलचं फडकं सोडलं, काठावर चमचा वाजवला, टक्, टक्, टक्, आणि अख्खी बाटली सायीवर रिकामी केली. एका दमात.

व्यसन म्हणावं असं माझं काही नव्हतंच, पण जे होतं ते आज सुटलं. साय वर तरंगत होती, शांत, डोळे मिटल्यासारखी. मला ती हिच्या कपाळासारखी वाटली. मी म्हटलं, बघ.

रिकामी बाटली धुऊन त्यात पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवली. नवा माणूस.


१४ मार्च, शनिवार

व्हिनेगरची चव सुधारली आहे. पूर्वीचा तो बोचरा आंबटपणा राहिला नाही. दोनऐवजी चार चमचे घेतो.


१६ मार्च, सोमवार

चमच्याने किती वेळ मोजत बसायचं? हिची स्टीलची वाटी घेतली. पाऊण वाटी. पाणी घालायची गरज वाटत नाही.

परिणाम विलक्षण. भूक मरते. मन प्रसन्न राहतं. दुपारी झोप छान लागते. मासिकवाल्यांनी हे सगळं लिहिलं नव्हतं. त्यांना पत्र लिहिणार आहे.

टॉनिकला चार दिवसांत हात लावलेला नाही. नोंद असावी.


१७ मार्च, मंगळवार

जिन्यात पुन्हा नर्सबाई. मी कठडा धरून जरा उभा होतो. त्यांनी न विचारता मनगट धरलं, नाडी मोजली, आणि हात कशाने कापतो आहे म्हणाल्या. उपास, मी म्हटलं. आणि व्हिनेगर. त्यांनी नाक जवळ आणलं. म्हणाल्या, व्हिनेगर मी पण वापरते, खिडक्या पुसायला. माझ्या खिडक्यांना असा वास येत नाही.

मी निघालो तर मागून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही नुसतं दार वाजवायचं होतं. मी घरीच होते. माझी गाडी होती."

वर येऊन दार लावलं. तीन मजले चढायला आज बराच वेळ लागला.

लोक मागचं फार काढतात.


२० मार्च, शुक्रवार

साय दिसेना. बरणी उजेडात धरली. तळाशी गेली आहे. कडा मुडपल्या आहेत, रंग तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. विश्रांती घेत असावी. एकोणतीसला नऊ दिवस आहेत, तोवर वर येईल. आपणही थकलो की आडवे होतोच की.

बरणी बरीच खाली गेली आहे. उन्हाने उडत असेल.

वजन ८७.१. चाक फिरवून ८५.


२२ मार्च, रविवार

मुलीला फोन केला. मी, आपणहून. आवाज ठणठणीत ठेवला. सहज विचारल्यासारखं विचारलं की बाई, त्या सायीला खायला काय घालायचं असतं? तुझी आई काय घालायची?

"काय?" ती म्हणाली. मग हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल. म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? तुमचीच दारू. दर शनिवारी सकाळी तुम्ही फिरायला जायचात, किंवा झोपलेले असायचात, तेव्हा आई तुमच्या बाटलीतली निम्मी काढायची, तिच्यात चौपट पाणी घालायची आणि बरणीत ओतायची. आणि बाटलीत तेवढाच गार कोरा चहा. रंग सेम. मी लहान असताना चहा गाळायचं काम माझ्याकडे होतं. चमचा वाजवला की मी हॉलमध्ये जाऊन तुमच्या वाटेवर उभी राहायची.

मी म्हटलं, मला माहीत होतं सगळं. तुमची गंमत बघत होतो.

"माहीत होतं?" ती म्हणाली. हसणं थांबलं. मग म्हणाली, नुसती मात्र ओतायची नाही हां, पाण्याशिवाय. मरते साय.

मी म्हटलं, ते कोणाला सांगतेस?

फोन ठेवला. खुर्चीत बसून राहिलो. एकतीस वर्षं शहरातल्या दुधात पाणी, तेलात हलकं तेल, तराजूखाली लोहचुंबक पकडले. एका दुकानदाराने पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण मी नुसत्या बोटाने ओळखलं होतं. त्याबद्दल खात्याने मला घड्याळ दिलं, हॉलमधलं, तेच ते मागे पडणारं. आणि माझ्या स्वतःच्या बाटलीत चाळीस वर्षं निम्मा चहा.

मित्रांत मी सांगायचो, दोन पेले घेतो पण पाय हलत नाही. पाय हलणार कसा?


२४ मार्च, मंगळवार. दुपारी ३

एक हिशेब राहून गेला होता, तो आज लागला.

हिला छातीचं दुखणं होऊन ती आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. त्या आठवड्यात शनिवारी चमचा वाजला नाही. म्हणजे ती बाटली जशी दुकानातून आली तशीच होती. त्या संध्याकाळी मी माझे नेहमीचे दोन पेले घेतले. ते चार होते.

म्हणजे चूक माझी नव्हे. मापाची.

पण मुलीने विचारलं होतं. फोनवर, अगदी स्पष्ट. काही घेतलं असेल तर गाडीला हात लावू नका, खालच्या बाईंना हाक मारा, खरं सांगा. आणि मी म्हटलं, व्हिनेगर. कोपऱ्यावर दिव्याचा खांब एकच, मला दोन दिसले. मी दोन्हींच्या मधून गाडी काढायला गेलो. ही मागच्या सीटवर होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात तिने एकदा माझ्या बाहीला हात लावला. मला वाटलं, तिला थंडी वाजते आहे. कोट काढून दिला.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांनी फार फरक पडला नसता. 'फार' म्हणाले. फार म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. विचारणं माझं कामच होतं खरं तर.

आज उपास सकाळी नऊला सुटला.


२५ मार्च, बुधवार

साय वाचवायची मोहीम. बरणीत थोडं पाणी, थोडी साखर, खाली गरम पाण्याची पिशवी, वर हिची शाल. दर तासाला चमचा वाजवला. दुपारी एक बुडबुडा आला. आनंदाच्या भरात अर्धी वाटी घेतली. मग लक्षात आलं, बुडबुडा साखरेचा.


२६ मार्च, गुरुवार

मुलीला खरं सांगून टाकावं, असा विचार आहे. साय मेली. मी मारली. टॉनिक सोडायचं म्हणून बरणीत ओतलं. तेच प्यालो. चार वाक्यं आहेत. फोन हातात घेतला. मग वाटलं, असं फोनवर सांगण्यापेक्षा पत्र बरं. पत्र लिहायला बसलो. सुरुवात चांगली झाली, पण दुसऱ्या परिच्छेदात दिव्याची कविता आली आणि मग पत्र तिकडेच गेलं. चार पानं झाली. साय कुठेच आली नाही. टपालात टाकलं नाही. एवढं छान लिहिलेलं प्रत्यक्ष वाचून दाखवावं.

शिवाय ती विचारणार आहे ते वजनाबद्दल असेल. किंवा तब्येतीबद्दल. नसत्या गोष्टी आपण आधी कशाला काढा?


२७ मार्च, शुक्रवार

मार्ग सापडला. माणूस हातपाय गाळून बसला नाही की सुचतं.

दुकानातून जेलीचं पाकीट आणलं, बिनवासाचं. कोऱ्या चहात शिजवलं, जरा दाट. बशीत ओतून फ्रीजमध्ये. दोन तासांत चकती तयार. पिवळसर, बुळबुळीत, तीच जाडी. बोटाने दाबली तर हुबेहूब. खरी कोणती, हे हिलाही सांगता आलं नसतं. आलं असतं. पण ती नाही.

मेलेली साय बाहेर काढली. हातात घेतली तेव्हा वाटली होती त्यापेक्षा जड लागली. कचऱ्यात टाकवेना. वर्तमानपत्रात गुंडाळून पितळी वजनांच्या पेटीत ठेवली. किलोच्या खाचेत बसली.


२८ मार्च, शनिवार

सर्व सज्ज. जेलीची चकती बरणीत तरंगते आहे. किंचित वाकडी. नवं मलमलचं फडकं. घर झाडलं, दोन्ही घड्याळं एकत्र लावली, तडा गेलेल्या फोटोची काच काढून टाकली.

वजन ८७.८. चाक आता पुढे फिरत नाही, तेव्हा भिंतीला एक हात टेकवून उभा राहिलो: ८४.

उद्या सकाळी सहापासून कडक. पाणीसुद्धा मोजून.


२९ मार्च, रविवार

८.०० दाढी. निळा शर्ट, हिने घेतलेला. गुंडी लागत नाही, वरून स्वेटर.

९.३० फक्त कोरा चहा. स्थिर आहे.

१०.४० कविता म्हणून बघितली. शेवटचं कडवं आलं नाही तरी हरकत नाही, ती म्हणेल.

११.०० अजून नाही. अकरा म्हणजे अकरा ते सव्वाअकरा.

११.१५ मुलीचा फोन. येणं जमेलसं वाटत नाही, म्हणाली. आवाज जवळून आल्यासारखा. मागे गाडीचं इंजिन. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाली, तसं नाही. मग म्हणाली, बघते. ठेवला.

११.२० बरणीत चकती फुगून फाटली आहे. दोन तुकडे तळाशी. बरं झालं ती येत नाही. एका परीने फारच बरं झालं. आता निवांत काही तरी नवीन करता येईल.

हात जरा कापतो. उपासाचा अशक्तपणा. वाटीऐवजी पेला घेतला. व्हिनेगरच आहे, बरणीतलं.

११.४० जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जिन्यावर पावलं वाजली. पावलांवरून वजन सांगायची मला सवय आहे. पंच्याण्णव किलोच्या पुढचा माणूस, दर मजल्यावर थांबत येणारा. गॅसवाला, मी म्हटलं. बेल वाजली. मी पेला हातात तसाच घेऊन दार उघडलं.

जावई.

तो कधी या दारात येईल असं मला वाटलं नव्हतं. बेकरीवाला माणूस. लग्न ठरलं तेव्हा मी कोणाला न सांगता त्याच्या बेकरीत जाऊन त्याचे तराजू तपासले होते. दोष निघावा म्हणून दोन तास तपासले. एका ग्रॅमचा फरक निघाला नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललो नाही. त्यानेही कधी तो विषय काढला नाही.

धापा टाकत उभा होता. दोन्ही हातांत काचेची बरणी, तोंडाला मलमल, आत साय. पांढरी, जाड, काठोकाठ. जिवंत.

"तिने दिली," म्हणाला. "आईंनी लग्नात दिली होती तिला. नऊ वर्षं आहे आमच्याकडे. म्हणाली, बाबांची मेली असेल, त्यांना ही ठेव."

मी विचारलं, ती कुठे आहे?

"खाली. गाडीत. वर यायचं की नाही, तिचं ठरत नव्हतं. मला म्हणाली, तू आधी जा."

मग त्याने माझ्या हाताकडे बघितलं. रागाने नाही. तराजूकडे बघावं तसं, काटा कुठे थांबतो ते. आणि अगदी हळू, जणू मला ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं, म्हणाला, "बाबा, पेल्यात काय आहे?"

मी म्हटलं, "व्हिनेगर. पोटासाठी."

तो जरा वेळ तसाच उभा राहिला. आणखी काही म्हणायची मला सवड देत होता, असं आता वाटतं. मग बरणी चपलांच्या रॅकवर ठेवली, दोन्ही हातांनी, न हिंदकळू देता. "बरं," म्हणाला. "खाली जाऊन येतो."

११.४४ तिघांचा चहा टाकला आहे. तिच्या कपात साखर नाही, हे माझ्या लक्षात आहे.

एक कळत नाही. तिच्याकडे साय नऊ वर्षं होती, तर माझ्याकडे तुकडा मागितला कशाला? विसरली असेल.

११.४९ खाली गाडी सुरू झाली. वळवून सावलीत लावत असतील. कोपऱ्यावर जागा असते, खांबापाशी.

१२.०० दोन्ही घड्याळांत बारा. उपास सुटला. चहावर साय धरली आहे.

१२.१० तिची बरणी आत आणून टेबलावर ठेवली. काठावर चमचा वाजवला, तीनदा. आतली चकती हलली.

पेल्यात व्हिनेगरच कसं होतं, त्याचं पानभर कारण लिहायला मी पेन उचललं होतं. लिहीत नाही. ही वही कोणी वाचणार नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी.

पेल्यात दारू होती.